बारा ग्राफ

चित्रामागची चौकट भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण ते करायला दुसरं कोणी उरलंच नव्हतं. दोन हजार आठच्या दिवाळीत आमच्या दुबईच्या ऑफिसात अकरा माणसं होती. मार्च उजाडेपर्यंत दोन. एक मी आणि दुसरा आमचा मॅनेजर हेमचंद्र, जो दिवसभर फोनवर कोणाला तरी ‘इन्शाल्ला, नेक्स्ट वीक’ सांगत बसलेला असायचा. बाकीच्या नऊ खुर्च्या कोणी उचलल्याही नाहीत. त्यांच्यावर आम्ही फायली ठेवायचो.

काम तसं साधं होतं. अबुधाबीतल्या एका खाजगी युनिव्हर्सिटीचे पहिल्या वर्षाचे कोर्स आम्ही ऑनलाइन करून द्यायचो. धडे, चित्रं, परीक्षा, सगळं. करारात एक ओळ होती की अपंग विद्यार्थ्यांनाही हे वापरता आलं पाहिजे. म्हणजे काय, तर ज्याला दिसत नाही त्याच्या कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर असतं, ते पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवतं. अक्षरं त्याला वाचता येतात, चित्र येत नाही. म्हणून प्रत्येक चित्रामागे एक न दिसणारी चौकट असते आणि चित्रात काय आहे ते तिच्यात कोणीतरी लिहायचं असतं. चौकट भरली आहे का, हे तपासायला आमच्याकडे एक प्रोग्राम होता. काय भरलंय ते बघायची त्याला अक्कल नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मलाही नव्हती.

मी पाट्या टाकल्या. अकराशे चित्रं होती, अकराशे ठिकाणी ‘इमेज’ लिहिलं. लिहिलं तरी कुठे, एकदा लिहिलं आणि सगळीकडे चिकटवलं. प्रोग्रामने अकराशे हिरव्या टिका दिल्या. हेमचंद्र म्हणाला, शाब्बास शोभना, खलास. मी पर्स उचलली आणि बस पकडून घरी आले.

घरी तरी काय सुख वाट बघत होतं? उपेंद्रच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, बांधकाम कंपनीने त्याला बिनपगारी लांब रजेवर बसवलं होतं. करामाचं भर शहरातलं घर सोडून आम्ही लांबच्या, स्वस्त इंटरनॅशनल सिटीत आलो होतो. तो दिवसभर बनियनवर सोफ्यात बसून बातम्या बघायचा आणि मी आले की मेथीची जुडी हातात धरून सांगायचा, ही चार दिरहमची, म्हणजे पन्नास रुपये, पन्नास रुपयांची मेथी खातोय आपण. मला त्याची दया यायची आणि रागही यायचा, आणि दोन्ही करायला अंगात त्राण नसायचं. ओवी दहावीला होती. मार्चमध्ये तिची बोर्डाची परीक्षा झाली की गाशा गुंडाळून चिंचवडला परत, असं आमचं ठरल्यासारखं होतं.

ऑक्टोबरमध्ये युनिव्हर्सिटीकडून एक ईमेल पुढे पाठवलेली आली. इंग्रजीत होती. ‘पान चौदा: इमेज. पान पंधरा: इमेज, इमेज, इमेज. या चित्रांत काय आहे ते मला कोणी सांगू शकेल का? गेल्या टर्मला मी बिझनेस स्टॅटिस्टिक्समध्ये नापास झाले. या वेळी नापास झाले तर माझी सीट जाईल.’ खाली नाव, एमान, आणि एक मोबाइल नंबर.

मी ती दोनदा वाचली आणि माझे कान गरम झाले. स्टॅटिस्टिक्सचा कोर्स म्हणजे पानापानावर ग्राफ. ती मुलगी अख्खी टर्म कानाला हेडफोन लावून ‘इमेज, इमेज’ ऐकत बसली होती आणि ते तिला मी ऐकवलं होतं. नापास तिला कोणी केलं हे सांगायला ज्योतिषी नको होता.

हेमचंद्रला दाखवली तर म्हणाला, एकच मुलगी आहे गं, करार डिसेंबरला संपतोय, आता कुठे उकरतेस. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, एकच आहे म्हणूनच होईल, शंभर असत्या तर मीही हात वर केले असते. त्याने खांदे उडवले आणि फोन उचलला. ओव्हरटाइम मिळणार नाही, एवढं मात्र सांगून टाकलं.

फोन तिच्या वडिलांनी घेतला. आधी हिंदीत बोलले, मग मागे वळून ओरडले, “एमान, तुजा फोन हाय,” आणि मी दचकलेच. विचारलं, तुम्ही कुठले? म्हणाले, म्हसळ्याचे. मुनीर त्यांचं नाव, जबल अलीला एका गोदामात सुपरवायझर. घर विचारलं तर निघालं इंटरनॅशनल सिटीत. इथे इमारतींच्या झुंडींना देशांची नावं आहेत. आम्ही पर्शियात राहायचो, ते मोरोक्कोत. मधे चालत बारा मिनिटं.

मग मी दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, त्यांची जुम्म्याची नमाज आटोपली की, मोरोक्कोत जाऊ लागले. एमान एकोणीस वर्षांची होती. सातव्या महिन्यात जन्मली, नजर तेव्हापासूनच नाही. किडकिडीत, चष्मा नाही काही नाही, आणि बोलायला फटकळ. घरात तिचे आईवडील तिच्याशी कोकणीत बोलायचे आणि ती इथल्या सगळ्या पोरांसारखी इंग्रजीत उत्तर द्यायची. मी तिचं बोलणं इथे मराठीत सांगतेय इतकंच.

पहिल्या दिवशी मी मोठ्या हौसेने दहा ग्राफांची वर्णनं लिहून नेली होती. लाल रेघ वर चढते, निळी रेघ खाली उतरते, वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आंटी, टोमॅटो लाल असतो हे मला पाठ आहे. पण या रेघेचं नाव काय?” मी बघितलं तर मी रेघांची नावंच लिहिली नव्हती, आयात कुठली आणि निर्यात कुठली. रंग सांगितला की झालं, असं मला वाटलं होतं. कपाळ माझं.

पुढच्या खेपेला मी प्रत्येक गोष्ट लिहिली. लॅपटॉपभोवती जमून हसणारे सुटातले चार लोक, त्यांतल्या एकाच्या हातात कॉफीचा मग. एमान हसायलाच लागली. म्हणाली, एवढं ऐकण्यात माझं अर्धं मिनिट गेलं, यात शिकायचं काय होतं? काही नव्हतं. ते चित्र कोणीतरी पान भरावं म्हणून टाकलं होतं. अशा चौकटी मुद्दाम मोकळ्या सोडायच्या असतात हे मला तिने शिकवलं. आमच्या प्रोग्रामने त्यांना लाल फुल्या मारल्या, मी त्याला मनात शिव्या घातल्या.

आणि एक गोष्ट ती पुन्हा पुन्हा सांगायची. मला सवय होती वर्णनाच्या शेवटी सार सांगायची, ‘म्हणजेच विक्री घटली’, असं. ती लगेच हात वर करायची. “तुम्ही नुसते आकडे सांगा आणि थांबा. घटली की वाढली ते मी सांगते.” खरोखर सांगायची. तिच्या आईने आणून ठेवलेला चहा गार व्हायचा आणि ही टेबलावर बोटाने अदृश्य रेघा ओढत बसायची. सुरुवातीला चुकायची. नोव्हेंबरच्या शेवटी कमी चुकायला लागली. मी मात्र तिच्या चुकाच लक्षात ठेवत होते, हे मला फार नंतर कळलं.

आठवडाभर ऑफिसात एकटीने चौकटी भरायच्या, शुक्रवारी तिच्याकडून तपासून घ्यायच्या. पाठ दुखायची, डोळे चुरचुरायचे. ओवी म्हणायची, मम्मा, यू आर ऑलवेज टायर्ड. मी तिच्यावर खेकसायचे.

एकदा निघताना मुनीरभाई लिफ्टपर्यंत सोडायला आले. लिफ्ट आली तरी दार धरून उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं की गोदामातही माणसं कमी करतायत, आज ना उद्या त्यांचा नंबर लागेल. एमान पास झाली तर डिग्रीपर्यंत काही करून तिला इथे ठेवतील, त्यांच्या बहिणीकडे. नाही झाली तर तिला आणि तिच्या आईला म्हसळ्याला पाठवणार. गावी घर आहे, पण तिथे ना असं कॉलेज, ना तिच्या सॉफ्टवेअरची कोणाला माहिती. म्हणाले, तिथे ही नुसती बसून राहील. मग त्यांनी आवाज खाली आणला. “ताई, खरं सांगा. जमेल का तिला?”

मी म्हटलं, “इन्शाल्ला.”

परीक्षा जानेवारीत होती. चाळीस प्रश्न, प्रत्येकी अडीच मार्क, पास व्हायला साठ. प्रश्नपत्रिका डिसेंबरच्या अगदी शेवटच्या आठवड्यात माझ्याकडे आली. त्यात बारा प्रश्न ग्राफांचे. या बारा ग्राफांची वर्णनं लिहायची आणि करार संपवायचा. एकतीस तारीख माझा शेवटचा दिवस. एकोणतीसला हेमचंद्र खुर्च्या विकायच्या खटपटीत होता, दोन माणसं येऊन त्या मोजत होती.

पहिल्या ग्राफात घरभाड्याचे आकडे होते, दोन हजार पाच ते नऊ. प्रश्न होता, घसरण कोणत्या वर्षी सुरू झाली? मी लिहिलं, भाडं चार वर्षं चढत गेलं आणि दोन हजार आठनंतर ते झपाट्याने घसरलं. दुसरा खांबांचा ग्राफ. प्रश्न होता, सगळ्यात जास्त पर्यटक कुठल्या महिन्यात? मी लिहिलं, सगळ्यात उंच खांब डिसेंबरचा. तिसऱ्याला मी थांबले. प्रश्न वाचला, मी लिहिलेलं वाचलं. उत्तर चौकटीत बसलेलं होतं.

तिन्ही वर्णनं हातून तशीच गेली होती, दमलेल्या हातून, जुन्या सवयीने. तेव्हाच ती खोडून नुसते आकडे लिहायला मला पाच मिनिटं लागली असती. मी नाही खोडली. माझ्या डोळ्यांपुढे ती म्हसळ्याच्या घरात बसलेली दिसायला लागली, आणि तिच्या कानात माझेच अकराशे शब्द. मी मनाशी म्हटलं, एका मुलीला बारा प्रश्न सोपे गेले तर कोणाचं काय जातं? जगात बँकाच्या बँका वाचवतायत सरकारं. आणि उरलेले नऊही मी तसेच लिहिले, आता मुद्दाम, छान नीट वाक्यांत. प्रोग्रामने बारा हिरव्या टिका दिल्या. युनिव्हर्सिटीत तपासणारी बाई रजेवर होती, तिच्या जागी कोणी नव्हतं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप दिवसांनी बरं वाटलं.

मुनीरभाई तिला परीक्षेला अबुधाबीला घेऊन गेले. जानेवारी संपता संपता निकाल लागला. पंच्याहत्तर. त्या संध्याकाळी ते स्वतः डबा घेऊन आले, एमानच्या आईने केलेली सांदणं. ते दारातच उभे राहिले. उपेंद्रने त्यांना आत ओढलं, किती दिवसांनी तो कोणाशी तरी हसून बोलला. आम्ही तिघांनी मिळून डबा संपवला, ओवीने दोन खाल्ली. मी त्या रात्री शांत झोपले.

एमानचा फोन मात्र आला नाही. चार दिवस नाही, आठ दिवस नाही. मला थोडं लागलंच. अगं, निदान थँक्यू तरी म्हण. मग एका गुरुवारी दुपारी आला.

तिने विचारलं, परीक्षेतली वर्णनं तुम्ही लिहिली होती का? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, बाराही? मी म्हटलं, बाराही. मग ती म्हणाली, “उद्या बाबा मला तुमच्याकडे सोडतील. बारा नवीन ग्राफ तयार ठेवा. प्रकार तेच, आकडे वेगळे. जुने मला पाठ झालेत.” आणि फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी मी ओवीची ग्राफवही मागितली. ती कुरकुरली, मम्मा, आय नीड दॅट. मी वही ओढूनच घेतली आणि नाश्त्याच्या टेबलावर बारा ग्राफ काढले. भाडी बदलली, महिने बदलले, खांब हलवले. या वेळी एकेक प्रश्न आधी लिहिला आणि मग वर्णन. नुसते आकडे. सोपे केले नाहीत. एक-दोन तर परीक्षेतल्यापेक्षा अवघड झाले.

मुनीरभाई तिला दारात सोडून खाली गाडीत जाऊन बसले. त्यांना काही माहीत नव्हतं, उशीर करू नको एवढंच म्हणाले. उपेंद्र आतल्या खोलीत गेला. एमान टेबलाशी बसली, काठीची घडी करून ती मांडीवर ठेवली. मी म्हटलं, एमान, आधी माझं ऐकून घे. ती म्हणाली, नंतर. वाचा.

मी वाचत गेले. ती टेबलावर बोट फिरवायची, कधी एखादा आकडा पुन्हा विचारायची आणि उत्तर द्यायची. पहिलं बरोबर. दुसरं बरोबर. पाचव्याला तिचं बोट मधेच थांबलं, माझ्या ओठांवर उत्तर आलं आणि मी ओठ मिटून धरले. तिने बरोबर सांगितलं. सातवं चुकलं. मी ‘नाही’ म्हटलं तर तिने मान हलवली, पुढचं, म्हणाली. मग आठ, नऊ, दहा, अकरा. बाराव्याला तिने मी विचारायच्या आधीच उत्तर दिलं.

“किती?” तिने विचारलं.

“अकरा.”

ती हिशोब करूनच आली होती. परीक्षेत तिचे तीस प्रश्न बरोबर आले होते. त्यातले माझे बारा काढले की राहिले अठरा, तिचे स्वतःचे. पास व्हायला चोवीस लागतात. म्हणजे बारा ग्राफांत तिला सहा हवे होते, फक्त सहा. हे सगळं तिने शांतपणे, एखादं बिल वाचावं तसं सांगितलं. म्हणाली, पहिल्याच ग्राफला मला कळलं. थांबून परीक्षक बाईंना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मला पास व्हायचं होतं, बाबा बाहेर उन्हात उभे होते. मी बाराही टिका केल्या.

मी म्हटलं, मग विसरून जा ना गं. तू पास आहेस, तुझी सीट आहे, कोणाला कळणार नाही. माझा आवाज चढला होता. मला तिचा राग यायला लागला होता, का कोण जाणे.

“तुम्ही का केलंत ते?” तिने विचारलं.

चार कारणं तयार होती. दमले होते, शेवटचा आठवडा होता, गेल्या टर्मची भरपाई, तुझे बाबा लिफ्टपाशी बोलले ते. चारही खरी होती. पण ती समोर बसली होती, तोंड थोडं बाजूला वळवून, माझा शब्द नीट ऐकू यावा म्हणून, आणि मला त्यातलं एकही बोलता येईना.

“मला वाटलं तुला जमणार नाही,” मी म्हटलं.

ती म्हणाली, “ते बाबांनाही वाटतं. आईलाही, सगळ्या टीचरना. त्याची मला सवय आहे. मला वाटलं होतं तुम्हाला तसं वाटत नाही.”

तिने काठी उघडली. मार्क मी ठेवणार आहे, म्हणाली, मला पुढे जायचंय. पण मी कोणाला सांगू शकत नाही की मी पास झाले. आईने सांदणं केली ती माझ्या घशाखाली उतरली नाहीत. मी तिचा हात धरायला गेले, तिने तो हळूच सोडवून घेतला. उद्धटपणे नाही. लिफ्टपर्यंत मी बरोबर गेले, बटण तिनेच बोटांनी चाचपून दाबलं. पुढच्या टर्मच्या धड्यांची वर्णनं कोण लिहिणार, असं तिने जाता जाता विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही, आमचं ऑफिस बंद झालं. ती ‘ओके’ म्हणाली आणि दार बंद झालं.

मी परत येऊन टेबलाशी बसले आणि रडायला लागले. हुंदके देऊन, ओवी लहान असताना रडायची तसं. उपेंद्र आतून धावत आला, बनियनवरच. काय झालं, काय झालं, त्या पोरीच्या निकालाचं काही झालं का? नापास केलं का तिला?

“नाही,” मी म्हटलं. “पास आहे.”

“अगं मग रडतेस कशाला?”

“ती तशीही झाली असती रे,” मी म्हटलं.